होप आणि एक्स्पेक्ट

त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. देवळाली प्रवरेच्या हायस्कुलात गहिनीनाथ मॅट्रिकच्या वर्गावर इंग्रजी शिकवत होता. जवळच्या अर्थाचे दोन शब्द द्यायचे आणि त्यांतला फरक वाक्यांत वापरून दाखवायचा, असा एक प्रश्न परीक्षेत हमखास असायचा. त्या दिवशी फळ्यावर 'होप' आणि 'एक्स्पेक्ट' असे दोन शब्द होते.

"दोन्हींचा अर्थ सांगा," तो म्हणाला.

"आशा करणे," पुढच्या बाकावरून आवाज आला. "अपेक्षा करणे," दुसरा म्हणाला.

"फरक काय?"

वर्ग गप्प. गहिनीनाथला हे गप्प होणं आवडायचं. तो खिडकीशी गेला. बाहेर पाटाच्या पलीकडे ऊस उभा होता, पण पानं कडेनं वाळायला लागली होती.

"पाटकरी काल काय सांगून गेला? सोमवारी पाटाला पाणी सुटणार. मग तुमचे वडील सोमवारी खोरं घेऊन बांधावर जातील की नाही? जातील. कारण पाणी सोडायचं कुणीतरी ठरवलंय. हे झालं एक्स्पेक्ट. आता, यंदा मृगाला तरी पाऊस पडेल असं तुम्ही म्हणता. त्याला काय आधार आहे? काही नाही. तुम्हाला तो हवाय, एवढंच. हे होप."

"म्हणजे सर, होप म्हणजे न होणारं?" मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं. पोरं हसली.

"तसं नाही रे. होईलही. फक्त होणारच म्हणायला तुझ्याकडे आधार नसतो."

एवढ्यात शाळेचा शिपाई दाराशी आला. "सर, तुमचे भाऊ आलेत. ट्रकात बाई हाय, तिला काय तरी झालंय. लवकर या."

गहिनीनाथ हातातला खडू तसाच घेऊन बाहेर पळाला.

फाटकाबाहेर दगड वाहायचा एक ट्रक उभा होता. हौद्यात गोधडीवर चांगुणा, त्याची वहिनी, कुशीवर पडली होती आणि तिच्या डोक्याशी त्याचा थोरला भाऊ भिमाजी उकिडवा बसला होता. चांगुणाचे दात घट्ट मिटलेले होते. ओठ मात्र ताणून मागे ओढल्यासारखे दिसत होते, जणू ती हसते आहे. तिचे डोळे मात्र शुद्धीत होते. तिनं त्याला ओळखलं.

"दातखीळ बसलीय," भिमाजी म्हणाला. "परवापास्नं मान आखडलीय म्हनत हुती. आज सकाळी भाकर चावंना."

"पायाला काही लागलं हुतं का?"

भिमाजीनं गोधडी सारली. टाचेजवळ हळदीचा वाळलेला लेप होता. "कामावर कपची घुसली हुती. आठ-दहा दिस झालं आसतील. बरी झालती की."

त्यांचं गाव, पिंपळदरा, राहुरीच्या पश्चिमेला डोंगराच्या कडेला होतं. तिथं पाट नव्हता, आणि विहिरींनी त्या वर्षी तळ दाखवला होता. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. चांगुणाही जायची. भिमाजीनं मोठा दगड फोडायचा, तिनं हातोडीनं त्याची खडी करायची, आणि दुपारी कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी पोरांना न्यायची. पायात चप्पल नसायची. कपची घुसली तेव्हा तिनं ती स्वतःच उपसून काढली, हळद भरली आणि पुन्हा हातोडी उचलली.

चांगुणा लग्न होऊन आली तेव्हा गहिनीनाथ सात वर्षांचा होता, आणि घरात आई नव्हती. ती स्वतःही तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचीच. त्याच्या डोक्याला तेल लावायचं, सदरा धुवायचा, परीक्षेच्या दिवशी दही हातावर ठेवायचं, हे सगळं तिनं केलं. तो कॉलेजला नगरला गेला तेव्हा ती वेशीपर्यंत आली होती. तो तिला 'वैनी' म्हणायचा आणि ती त्याला नुसतं 'गहिनी'.

"श्रीरामपूरला मिशनचा दवाखाना हाय," गहिनीनाथ म्हणाला. "तिथंच नेऊ." तो चाकावर पाय देऊन हौद्यात चढला.

रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला चांगुणाचं अंग ताठ व्हायचं, पाठ कमानीसारखी वर उचलायची, आणि मग हळूहळू सैल पडायची. भिमाजी तिला दोन्ही हातांनी दाबून धरत होता. गहिनीनाथनं ड्रायव्हरला दोनदा ओरडून सांगितलं, हळू चालव म्हणून. पण हळू चालवलं तर वेळ जातो, हेही त्याला दिसत होतं.

दवाखान्याजवळ आल्यावर झटके थोडे थांबले. तेव्हा चांगुणा मिटल्या दातांतून, तोंड न उघडता, कसंबसं बोलली. "घरी... न्या मला." दोघा भावांनीही ते ऐकलं.

"बरं वाटलं की लगीच जाऊ," भिमाजी म्हणाला.

दवाखान्यात त्या दिवशी ज्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांचं नाव अन्नम्मा. केरळातून आलेल्या, इथं येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, हातात घड्याळ नसलेल्या. नाडी बघताना त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. मराठी त्यांना दहा-बारा शब्दांपलीकडे येत नव्हतं. नर्सही त्यांच्याच मुलखातल्या. एरवी मराठी समजावून सांगणारा कंपाउंडर गावी गेला होता. गहिनीनाथ इंग्रजी बोलतो हे कळल्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मास्टर, प्लीज, तुम्हीच सगळं सांगा यांना," त्या म्हणाल्या.

त्यांनी तपासलं, प्रश्न विचारले. गहिनीनाथनं भावाला विचारून उत्तरं दिली. मग त्यांनी त्याला बाजूला घेतलं. हा धनुर्वात आहे. जखमेतून विष अंगात गेलंय. इंजेक्शन दिलंय, पण आधीच जे विष चढलंय ते त्यानं उतरत नाही. अंधाऱ्या खोलीत ठेवावं लागेल. उजेड, आवाज, हाताचा स्पर्श, कशानंही झटका येतो. मग त्या म्हणाल्या, "वुई एक्स्पेक्ट हर टु गेट वर्स फर्स्ट. देन, आफ्टर अ वीक ऑर सो, वुई एक्स्पेक्ट हर टु टर्न द कॉर्नर."

"काय म्हनल्या?" भिमाजीनं विचारलं.

गहिनीनाथ अडखळला. वर्गात त्यानं एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा, असं मान्य केलं होतं. पण ती आणखी आजारी पडेल अशी अपेक्षा आहे, असं मराठीत कोण म्हणेल? अपेक्षा चांगल्याची करतात. इंग्रजीत मात्र तो शब्द चांगल्यालाही चालतो आणि वाईटालाही. त्याला फक्त आधार लागतो.

"पहिलं चार दिस वाढंल म्हनत्यात. मंग उतरंल."

"उतरंल म्हनल्या?"

"व्हय. तसंच म्हनल्या."

भिमाजीनं जोडलेले हात कपाळाला लावून डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला. त्या गडबडून गेल्या. गहिनीनाथला मात्र आतून बरंच हलकं वाटलं. बाईंनी दोन्ही वेळा तोच शब्द वापरला होता. वाढणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे उतरणार हेही ठाऊक असणार.

चांगुणाला मागच्या बाजूच्या एका खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळं कापड लावलं. नर्स अनवाणी आत जायची, अनवाणी बाहेर यायची. नाकातून नळी घालून दूध सोडायचे. नातेवाइकांना आत सोडत नव्हते.

दवाखान्याच्या आवारात लिंबाची तीन-चार झाडं होती. पेशंटांची माणसं तिथं दगडांच्या चुली मांडून राहायची. दोघा भावांनीही एका झाडाखाली गोधडी टाकली. गहिनीनाथनं शाळेत रजेचा निरोप पाठवला. बाजूच्या चुलीवरची एक म्हातारी त्यांना मिलोच्या भाकरी द्यायची. रेशनवरच्या परदेशी ज्वारीची ती लालसर भाकर भिमाजी हातात धरून बसायचा आणि बऱ्याच वेळानं खाली ठेवायचा.

तो बसायचा मात्र झाडाखाली नाही, खोलीच्या भिंतीला लागून. तिला आवाज चालत नाही हे एकदा कळल्यावर त्यानं ते काम स्वतःकडे घेतलं. आवारात पोरं डबा लाथाडत खेळायला लागली की उठून जायचा, हात जोडायचा, डबा मागून घ्यायचा. कावळे लिंबावर बसले की खडे मारायचा. एकदा गारेगारवाला घंटी वाजवत फाटकातून आत आला, तेव्हा भिमाजीनं धावत जाऊन ती घंटीच मुठीत धरली. गारेगारवाला घाबरला. भिमाजी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, माझी मालकीन आत हाय. भाईर वाजीव."

पण श्रीरामपूरला रेल्वे आहे. शिट्टी झाली की भिमाजी भिंतीला कान लावायचा. आतून खाट हलल्याचा आवाज यायचा. मग तो तसाच भिंतीला टेकून बसून राहायचा. रेल्वेला कुणाला काय सांगणार?

गहिनीनाथ रोज सकाळी डॉक्टरीणबाईंना भेटायचा. पहिले दोन-तीन दिवस त्या 'ॲज एक्स्पेक्टेड' म्हणाल्या. ठरल्यासारखं चाललंय. तो येऊन भावाला सांगायचा, "बाई म्हनल्या तसंच चाललंय." भिमाजी मान हलवायचा.

मग एके दिवशी बाई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांची क्लिप सुटली होती आणि पदरावर डाग होते. रात्रभर झटके थांबले नव्हते. श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली होती. त्यांनी हे सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "वुई आर डुइंग एव्हरीथिंग. वुई होप, मास्टर. वुई होप."

गहिनीनाथच्या कानात तो शब्द रुतून बसला. कालपर्यंत एक्स्पेक्ट होतं.

तो झाडाखाली परत आला तेव्हा पिंपळदऱ्याहून माणसं आली होती. चांगुणाची आई आक्काबाई, आणि सोबत दोन्ही लेकरं: नऊ वर्षांची बनू आणि तीन वर्षांचा श्रीमंत. म्हातारी ट्रकानं राहुरीपर्यंत आणि तिथून एस. टी. नं आली होती. "माझ्या लेकीला लेकरं दावा," ती येताच म्हणाली. "कुठं हाय ती?"

गहिनीनाथ पुन्हा बाईंकडे गेला, विनवण्या केल्या. बाईंनी बराच वेळ विचार केला आणि एकट्या बनूला दाराशी उभं राहू द्यायचं कबूल केलं. आत पाऊल टाकायचं नाही, बोलायचं नाही, रडायचं नाही. गहिनीनाथनं पोरीला हे सगळं समजावलं. तिनं एका हातानं तोंड दाबून धरलं. नर्सनं दार हातभर उघडलं. उजेडाची बारीक चीर आत पडली. बनू डोळे ताणून बघत राहिली, आणि मग दार लागलं.

"दिसली का आई?" बाहेर आल्यावर भिमाजीनं विचारलं.

बनूनं तोंडावरचा हात काढला. "न्हाई. पांढरं काय तरी हुतं."

आक्काबाईनं तिला ओढून जवळ घेतलं. श्रीमंत तेवढ्यात झोपून गेला होता. म्हातारी थोडा वेळ नातवाच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि मग जावयाकडे बघून म्हणाली, "आपुन तिला घरी नेऊ. काय हुयाचं ते तिच्या उंबऱ्यात होईल. अशा अंदाऱ्या कोठीत, परक्या मान्सांत, न्हाई ठिवायची मी माझी पोर."

भिमाजी भिंतीजवळून उठून आला होता, पण त्याचे कान अजून तिकडेच होते. नंतर तो गहिनीनाथला जरा बाजूला घेऊन गेला.

"गहिनी, मला सरळ इचारून दे. ती वाचनार का न्हाई? वाचनार आसंल तर वरीसभर हितं बसतो, हलत न्हाई. पन वाचनार नसंल तर मला तिला घरी न्यायचीय. ती म्हनलीती. तूबी ऐकलंस."

"ऐकलं, दादा."

"मंग इचार. तुला त्यांची भाषा येती. मला काय येतंय?"

अन्नम्माबाई व्हरांड्यात एका बाकावर बसल्या होत्या. समोर चहाचा कप होता आणि त्यावर साय आली होती. गहिनीनाथ त्यांच्यासमोर उभा राहिला. सगळं जवळजवळ पाठ करून आला होता, तरी वाक्य जुळेना.

"डॉक्टर, माझा भाऊ विचारतोय, ती जगेल का?"

"सांगितलं ना मास्टर. वुई होप सो."

"हो. पण आधी तुम्ही एक्स्पेक्ट म्हणाला होता. चार दिवस एक्स्पेक्ट म्हणत होता. आज होप म्हणताय." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, परीक्षेत पोराला अडवल्यासारखा. "तुम्ही मुद्दाम शब्द बदललात का?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना प्रश्न कळला नव्हता. त्यानं पुन्हा विचारला. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"फरक आहे का दोन्हींत?" त्या म्हणाल्या.

गहिनीनाथ बाकाच्या टोकाला टेकला.

"मला ठाऊक नाही, मास्टर. इंग्रजी मी शाळेत शिकले, तुमच्यासारखंच. आमच्या मलयाळममध्ये दोन्हींना एकच शब्द आहे. प्रतीक्षा. मी काय म्हणाले तेही मला आठवत नाही. मी दोन रात्री झोपले नाहीये."

"प्रतीक्षा?" तो म्हणाला. "आमच्याकडे प्रतीक्षा म्हणजे नुसतं वाट बघणं."

बाईंनी मान हलवली. वाद घालायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि त्याच्यातही नव्हती. चार दिवस तो ज्या शब्दाला धरून होता, तो शब्द बाईंनी धरलेलाच नव्हता. त्यांच्या तोंडून तो असाच निघाला होता. आणि आजचा शब्दही कदाचित असाच निघाला असेल. किंवा नसेल.

"घरी नेली तर?" त्यानं शेवटी विचारलं.

"किती लांब?"

त्यानं सांगितलं. रस्ता कसा आहे तेही सांगितलं.

बाईंनी डोकं हलवलं. "रस्त्यातच जाईल. प्रत्येक धक्क्याला झटका, आणि ती शुद्धीत आहे, मास्टर. तिला सगळं कळतंय. मी अडवणार नाही. तुमचं माणूस आहे. पण मी नेलं नसतं."

"इथं ठेवली तर?"

"इथं औषध आहे. नळी आहे. अशी माणसं उठलेली मी पाहिलीत." त्या थांबल्या. "गेलेलीही."

व्हरांड्यातून झाडापर्यंत जाताना गहिनीनाथ मनात वाक्य जुळवत होता. खरं काय सांगायचं? वाचेल असं त्या म्हणत नाहीत. मरेल असंही म्हणत नाहीत. त्यांनाही ठाऊक नाही. हे त्याला सरळ सांगता आलं असतं. पण झाडाखाली भिमाजी उभा होता, आक्काबाई बसली होती, बनू बघत होती. तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना एक शब्द हवा होता. व्हय किंवा न्हाई.

"काय म्हनल्या?" भिमाजीनं विचारलं.

"आशा हाय म्हनल्या."

तोंडातून निघाल्यावर त्याला कळलं, हे मराठीत किती मोठं झालं. इंग्रजीतला होप हातात काही नसलेल्या माणसाचा. मराठीत 'आशा हाय' म्हटलं की डॉक्टरनं धीर दिला. आक्काबाईनं आकाशाकडे हात जोडले. "आई माझे," ती पुटपुटली. भिमाजीनं छाती भरून श्वास घेतला आणि सोडला.

"मंग ऱ्हाऊ दे हितंच," तो म्हणाला. "आशा हाय तर न्यायची कशाला?"

गहिनीनाथला आणखी बोलायचं होतं. दादा, आशा म्हणजे तशी नव्हं, असं काहीतरी. पण तशी नव्हं, तर मग कशी? मग भिमाजी म्हणाला असता, नेऊ का? ट्रकाच्या हौद्यात तिची पाठ कमान झालेली त्यानं पाहिली होती. तो खाली बसला. आक्काबाईनं त्याच्यापुढे भाकरीचं फडकं सोडलं, तसा तो आज्ञाधारकपणे खाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हं ऐन भरात असताना, खोलीत एकदम धावपळ झाली. नर्स पहिल्यांदाच पळत बाहेर आली आणि पळतच आत गेली. अन्नम्माबाई आल्या. भिमाजी भिंतीपासून उठला, दाराशी गेला, आणि दाराला हात न लावता उभा राहिला. आतून खाट वाजत होती. मग वाजायची थांबली.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. त्या वेळी त्यांनी गहिनीनाथकडे पाहिलं नाही. त्या सरळ भिमाजीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना येणाऱ्या दहा-बारा मराठी शब्दांत तो एक होता.

"गेली," त्या म्हणाल्या.

भिमाजीनं ऐकलं, आणि तरी वळून भावाकडे पाहिलं. अजून काही सांगायचं राहिलंय का, असं. गहिनीनाथनं मान खाली घातली.

काळं कापड काढलं तेव्हा खोलीत ऊन आलं. चांगुणाच्या चेहऱ्यावरचं ते ताणलेलं हसू सैल पडलं होतं. आक्काबाईनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एवढ्या मोठ्यानं टाहो फोडला की आवारातली सगळी माणसं उठून उभी राहिली. तिला कुणी गप्प केलं नाही. आता कशाला करायचं? भिमाजी मात्र दचकला. त्याचा हात आपोआप वर गेला, गप्प म्हणायला, आणि तसाच हवेत राहिला.

दवाखान्यानं एका ओळखीच्या टेम्पोवाल्याला बोलावलं. भिमाजी, आक्काबाई आणि लेकरं मागे बसली, गहिनीनाथ ड्रायव्हरशेजारी. बेलापूरच्या बाजूला रस्त्यात मेंढरं आडवी आली. ड्रायव्हर हॉर्नला हात घालणार तोच मागून भिमाजीनं काचेवर थाप मारली. "वाजवू नको रे!" ड्रायव्हरनं गहिनीनाथकडे पाहिलं. गहिनीनाथनं त्याला हातानं थांबायची खूण केली. मेंढरं संपेपर्यंत टेम्पो तसाच उभा राहिला.

पिंपळदऱ्यात पोचायला संध्याकाळ झाली. कामावरून परतलेली माणसं फाट्यावर थांबली होती. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या डोक्यावर घमेलं. चांगुणासोबत खडी फोडणाऱ्या बाया पुढे झाल्या आणि त्यांनी आक्काबाईला हात धरून उतरवलं. चांगुणाला तिच्या उंबऱ्याच्या आत नेलं, थोडा वेळ ठेवलं, आणि मग ओढ्याकडे नेलं. ओढ्यात पाणी नव्हतं. घागरीतून आणलेल्या पाण्यातच सगळं केलं.

दहावा झाल्यावर गहिनीनाथ शाळेत रुजू झाला. मॅट्रिकच्या पोरांची परीक्षा तोंडावर होती. त्यानं राहिलेला भाग घाईघाईनं संपवला. आक्काबाई लेकरांना सांभाळायला पिंपळदऱ्यातच राहिली, आणि भिमाजी पुन्हा कामावर जायला लागला. आता त्याला खडी फोडायला जोडीदार नव्हता, म्हणून मुकादमानं त्याला माती वाहायला लावलं.

एप्रिलमध्ये एका सुट्टीच्या दिवशी भिमाजी अचानक देवळालीला आला. खोलीच्या दाराशी बसला, पाणी प्याला. राहुरीच्या बाजाराला आलो होतो, तसाच पुढे आलो, म्हणाला. घरची खबर दिली. श्रीमंतला गोवर येऊन गेला. म्हातारीचे गुडघे धरलेत. समोर पाट कोरडा होता आणि त्यात पोरं विटीदांडू खेळत होती.

"गहिनी," भिमाजी म्हणाला, "त्या दिशी बाई काय म्हनल्या हुत्या? खरं सांग."

गहिनीनाथनं सगळं सांगितलं. आधी एक शब्द होता, मग दुसरा आला. दोन्हींत काय फरक आहे. बाईंना फरक ठाऊक नव्हता, त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे. आणि आशा म्हटल्यावर मराठीत ते कसं झालं. तो शिकवतो तसं सांगत गेला, हळूहळू, उदाहरणं देऊन. भिमाजी गुडघ्याभोवती हात घालून ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं, "म्हंजी बाईलाबी ठावं नव्हतं?"

"न्हाई."

"आन तुला?"

"मला वाटलं हुतं, दादा. ठावं नव्हतं."

"मला सांगाया पायजे हुतंस."

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे गहिनीनाथला ते जास्त लागलं. तो म्हणाला, "सांगितलं आसतं तर काय केलं आसतंस?"

भिमाजीनं पाटातल्या पोरांकडे पाहिलं. विटी उडाली, पोरं ओरडली. तो विचार करत होता, हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं. नेली असती तर गेली असती त्या रस्त्यात, त्याच्या हातांत. ठेवली असती तरी दवाखान्यातच. तो दोन्हीकडे फिरून आला असावा.

"काय की," तो म्हणाला. "काय केलं आसतं मी?"

दोघं फाट्यावर चालत गेले. ऊन तापलं होतं. राहुरीची गाडी भरून आली होती, तरी कंडक्टरनं भिमाजीला पायरीवर जागा दिली. गाडी निघाली तसा तो दांडी धरून मागे वळला.

"बनूची पाटी फुटलीय," तो ओरडला. "येताना एक घिऊन ये."